कै. ताराबाई मोडक : शिक्षकांच्या शिक्षिका

डहाणूहून उत्तरेस घोलवड व बोर्डी या गावांकडे निघाले म्हणजे एका हातास समुद्र व दुसऱ्या हातास चिकूच्या वाड्या लागतात. त्या वाड्यांच्या पलीकडे, पूर्वेच्या अंगास, कोसबाडची टेकडी आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी ती टेकडी पाहिली असेल. काहींचे आजोळही त्याच बाजूस असेल. परंतु तेथे एका वृद्ध बाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे कोणत्या कामात घालविली, हे विचारले तर फारच थोड्यांस सांगता येईल. त्या बाई म्हणजे कै. ताराबाई मोडक होत. त्यांचे चरित्र या अंकात देण्याचे आम्ही योजिले, त्यास एक विशेष कारण आहे.

दरवर्षी आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहीजण अध्यापन विद्यालयाचा मार्ग धरतात, व पुढे डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यापाड्यांवरच्या शाळांत शिक्षक होतात. त्यांच्या वाट्यास इतर विषयांबरोबर गणितही येते. पाचवी ते आठवीच्या वर्गांत गणित शिकविणे हे किती अवघड काम आहे, हे आम्ही अनेक वर्षे तेच काम करीत असल्यामुळे अनुभवाने जाणतो. भाषेच्या तासास गप्प बसणारे मूल निदान ऐकत तरी असते. गणिताच्या तासास एकदा मागे पडलेले मूल त्या तासापुरते शाळेतून उठूनच गेलेले असते. असा शिक्षक घडवावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो असता आम्हांस ताराबाईंच्या चरित्रात जेवढा प्रकाश मिळाला तेवढा दुसरीकडे क्वचितच मिळाला. ताराबाई गणिती नव्हत्या, आणि त्यांचे क्षेत्र तर अगदी लहान बालकांचे. तथापि झाडाच्या शेंड्यास पाणी घालून झाड वाढत नाही, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर कृतीने दाखविली; म्हणून वरच्या वर्गांच्या शिक्षकांनीही त्यांचे स्मरण करणे अगत्याचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या सुधारक मंडळींपैकी होते. ज्या काळी मुलीस चार बुके वाचता आली तरी पुष्कळ झाले अशी समजूत सर्वत्र होती, त्या काळी या घरात मुलींच्या शिक्षणास मोकळीक होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर महाराष्ट्रीय स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. परंतु तो संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहणे आजही सोपे नाही. मग शंभर वर्षांपूर्वी ते किती कठीण असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. ताराबाईंनी आपल्या दुःखाचे भांडवल केले नाही. राजकोट येथे स्त्री शिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. त्याच्या प्राचार्यपदाचे काम त्यांनी पत्करले.

हे पद मानाचे होते आणि पगारही चांगला होता. सामान्य मनुष्य तेथेच स्थिरावला असता. परंतु त्याच सुमारास काठेवाडातील भावनगर येथे श्री. गिजुभाई बधेका यांचा प्रयोग चालू होता. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती या संस्थेत आले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. मारावे, दटवावे, पाठ करून घ्यावे या तीन खांबांवर उभी असलेली त्या काळची शाळा त्यांस मान्य नव्हती. ताराबाईंस त्यांच्या कार्याची ओळख झाली, आणि १९२३ साली राजकोटची नोकरी सोडून त्या भावनगरास गेल्या. प्राचार्य असलेली बाई लहान मुलांच्या शाळेत काम करावयास गेली, हे लौकिक दृष्टीने पायरी उतरणे होते. परंतु शिक्षकास शिकवावयाचे असेल तर आधी मुलाजवळ जाऊन बसले पाहिजे. इतरांस शिकवावयास लावणारी बाई स्वतः पुन्हा शिकावयास बसली, ही या चरित्रातील आमच्या मते पहिली मोठी गोष्ट होय.

भावनगरास जी पद्धती चालू होती तिचे मूळ इटली देशात होते. डॉक्टर मारिया माँटेसरी या विदुषीने १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मूल कानांनी ऐकून शिकते त्यापेक्षा हातांनी हाताळून अधिक शिकते, हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी साहित्य तयार केले. त्यातील गणिताचे साहित्य आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे, म्हणून त्याचे थोडे वर्णन येथे करतो.

प्रथम दहा लाकडी दांडे घ्यावेत. पहिला १० सेंटिमीटर लांब, दुसरा २०, तिसरा ३०, याप्रमाणे दहावा १०० सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक मीटर. प्रत्येक दांड्यावर दहा दहा सेंटिमीटरांचे तांबडे व निळे पट्टे आळीपाळीने रंगविलेले असतात. मूल ते क्रमाने मांडते, हाताने मोजते. नऊच्या दांड्यापुढे एकाचा ठेवला की दहा होतात. आठापुढे दोनाचा, सातापुढे तिनाचा, सहापुढे चाराचा ठेवला तरी दहाच. पाचाचा मात्र एकटाच उरतो, आणि तो उलटून दोनदा मांडला की पुन्हा दहा. बेरीज हा शब्द कानावर पडण्यापूर्वी बेरीज हातातून निघून जाते.

दुसरे साहित्य मण्यांचे. एक सुटा मणी हा एकक. दहा मणी तारेत ओवलेली कांडी हे दशक. अशा दहा कांड्या शेजारी शेजारी बांधल्या म्हणजे शंभराचा चौरस. आणि असे दहा चौरस एकावर एक रचले म्हणजे हजाराचा घन. हजार ही संख्या मूल उचलून पाहते. शंभरापेक्षा ती किती जड आहे हे त्याच्या मनगटास कळते. बेरीज करताना सुटे मणी दहा झाले की ते परत देऊन एक कांडी घ्यावयाची. येथे आपल्या मराठीतील शब्दाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आपण म्हणतो, हातचा एक. परंतु आमच्यापैकी किती जणांच्या हातात तो एक कधी खरोखर आला होता? फळ्यावर वरच्या बाजूस बारीक अक्षरात एक लिहावयाचा, एवढेच आम्हांस शिकविले होते. मण्यांच्या कांडीने तो हातचा खराच हाती दिला.

तिसरे उदाहरण तर वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. एका लाकडी पेटीत आठ रंगीत ठोकळे असतात. ते नीट जुळविले म्हणजे एक पूर्ण घन होतो. चार पाच वर्षांचे मूल केवळ रंग व आकार पाहून तो जुळविते. त्याच मुलास आठ नऊ वर्षांनी बीजगणितात अ अधिक ब यांचा घन काढावयास सांगतात. अ चा घन एक, ब चा घन एक, अ वर्ग गुणिले ब असे तीन आणि अ गुणिले ब वर्ग असे तीन, मिळून आठ पदे. तेच ते आठ ठोकळे! अ म्हणजे ३ व ब म्हणजे २ धरून पाहावे : २७, तीन वेळा १८ म्हणजे ५४, तीन वेळा १२ म्हणजे ३६, आणि ८, एकूण १२५, म्हणजे पाचाचा घन. ज्याने बालपणी ती पेटी जुळविली त्यास सूत्रातील तीन हा आकडा कोठून आला हे विचारावे लागत नाही. आमच्या वर्गातील मुले मात्र तो तीन दरवर्षी विसरतात, कारण तो त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

येथे आमच्याच एका चुकीची कबुली देणे योग्य होईल. आम्ही नवीन शिक्षक असताना सहावीच्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार शिकवीत होतो. दुसरा अपूर्णांक उलटा करावा व गुणावे, असा नियम आम्ही फळ्यावर लिहिला आणि दहा उदाहरणे करून घेतली. तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणारा एक मुलगा उभा राहिला व उलटा का करावयाचा, असे त्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. पदवी होती, अध्यापनाचे प्रमाणपत्र होते, पाठ टाचणाच्या वह्या होत्या. परंतु उत्तर नव्हते, कारण आम्हांसही तो नियम कोणी कधी उघडून दाखविला नव्हता. आम्ही त्यास खाली बसावयास सांगितले. तो बसला, आणि पुढे वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्या मुलाची आठवण आजही आम्हांस टोचते. एक भाकरी घेऊन तिचा पाऊण भाग ठेवला असता, आणि त्यात अष्टमांश तुकडे किती बसतात हे त्यासच मोजावयास लाविले असते, तर सहा हे उत्तर त्यानेच दिले असते. आणि एका पूर्ण भाकरीत असे तुकडे आठ, म्हणून पाऊण भाकरीत आठाचे पाऊणपट, हा उलट करण्याचा मर्मही त्याच्या ध्यानी आला असता. भाकरी तर त्याच्या फडक्यात बांधलेलीच होती.

ताराबाईंच्या कार्याचे महत्त्व आम्हांस या प्रसंगानंतर कळू लागले. नव्या पद्धतीत शिक्षकाची तयारी निराळी असते. जे साहित्य मुलाच्या हाती द्यावयाचे ते होतकरू शिक्षकाने आधी स्वतः हाताळावयाचे. ते कोठे अडते, कोठे उलगडते हे स्वतः अनुभवावयाचे. आणि मग मुलाजवळ बसून, मध्ये न बोलता, ते काय करते हे पाहावयाचे. बोलणे हे शिक्षकाचे काम, अशी ज्यांची समजूत आहे त्यांस हे न बोलणेच सर्वांत जड जाते. मुलाची चूक ही शिक्षेची नव्हे, तर अभ्यासाची वस्तू होय. मूल चुकले तर ते कोणत्या वाटेने चुकले हे जो शोधतो तोच शिक्षक. ज्यास केवळ उत्तर चुकले एवढेच दिसते तो परीक्षक.

ताराबाईंनी गिजुभाईंबरोबर बरीच वर्षे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची शिक्षणपत्रिका निघाली. तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी १९३३ पासून अनेक वर्षे केले. ही पत्रिका शिक्षकांपर्यंत व पालकांपर्यंत सोप्या मराठीत नवे विचार नेत असे. १९३६ साली त्या मुंबईस आल्या आणि दादर येथे शिशुविहार सुरू केला. मुलांच्या शाळेबरोबर शिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे चालले. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षी मारिया माँटेसरी हिंदुस्थानात आल्या व पुढे बरीच वर्षे येथे राहून त्यांनी शिक्षकांचे वर्ग चालविले. अशा रीतीने ही पद्धती देशात सर्वत्र प्रतिष्ठा पावली. परंतु ती प्रतिष्ठा मुख्यतः शहरांत, व शहरांतही सुखवस्तू घरांत होती. गुळगुळीत लाकडाचे महागडे साहित्य, स्वच्छ खोल्या, वेळेवर येणारी नीटनेटकी मुले, यांवाचून बालशिक्षण होत नाही, असा समज रूढ होऊ लागला. ताराबाईंस तो समज खरा वाटला असता तर त्यांचे नाव आमच्या या तालुक्यांत कोणी घेतले नसते.

आता १९४५ सालाकडे वळू. ते साल डहाणू व तलासरीच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी मे महिन्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील व आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी, श्री. शामराव व सौ. गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने हजारो वारली एकत्र जमले व वेठ करणार नाही असा त्यांनी निश्चय केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांच्या जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. वारल्यांच्या मागण्यांत एक मागणी गवत कापणीच्या मजुरीची होती : ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. आमच्या सातवीच्या विद्यार्थ्यांनी हे त्रैराशिक मांडून पाहावे. रुपयास २०० पौंड पडले. म्हणजे ज्याने ३५० पौंड कापले त्यास एक रुपया बारा आणे मिळावयास पाहिजेत. किती सोपा हिशेब! परंतु ज्यास तो येत नाही त्याने काय करावे? तराजू दुसऱ्याचा, वही दुसऱ्याची, अंक दुसऱ्याचे. कर्जाच्या वहीत आकडा किती आहे, फेडले किती, उरले किती, हे ज्यास वाचता येत नाही तो ऋणकोच राहतो, आणि त्याचा मुलगाही. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी येथील कित्येक जोडप्यांनी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबून काढले, हे आमच्या वडील पिढीस ठाऊक होते. ही गुलामगिरी केवळ अंकांच्या अज्ञानाने निर्माण झाली असे आम्ही म्हणत नाही. जमीन व सत्ता हीच तिची मूळ कारणे. परंतु अंकांचे अज्ञान हा तिच्या दाराचा कडी कोयंडा होता.

त्याच १९४५ सालाच्या डिसेंबरात ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. मुंबईत नाव झालेले, संस्था चाललेली, अशा वेळी त्या खेड्यात आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, शिक्षिका म्हणून नोकरी करीत, रात्री अभ्यास करीत त्यांनी आपले शिक्षण पुढे नेले होते. कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात ताराबाईंची व त्यांची गाठ पडली, आणि जी साथ जुळली ती ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीस पहिली अडचण आली ती अशी की मुले येईनात. मोठी भावंडे गुरे राखावयास जात, आईबाप कामावर जात, लहानांस शाळेत आणून सोडणार कोण? शिवाय अंगावर धड वस्त्र नाही, स्नान नाही. दुसऱ्या कोणी असते तर या लोकांस शिक्षणाची आवड नाही असा अहवाल लिहून परत गेले असते. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. त्या व अनुताई पाड्यावर जाऊ लागल्या. तेथील एखाद्या घराचे अंगण झाडून तेथेच मुले जमवू लागल्या. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, खेळ, आणि खेळातूनच मोजणी. अंगणात भरणारी म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले. हा शब्द आज देशातील प्रत्येक खेड्यात ऐकू येतो. तो आमच्या या किनाऱ्यावरच्या पाड्यांच्या मातीतून वर आला, हे आमच्या मुलांनी विसरू नये.

साहित्याचा प्रश्नही असाच सुटला. मुंबईचे लाकडी दांडे येथे परवडणारे नव्हते. परंतु समुद्राने शंख शिंपल्या फुकट दिल्या होत्या, रानाने बिया, पाने, काटक्या, ओढ्याने गोटे. लहान मोठे, हलके जड, एक अनेक, हे सारे त्यांतून शिकविता येते. माँटेसरीबाईंच्या पद्धतीतील लाकूड त्यांनी सोडले, तत्त्व धरले. दांडा सागवानी असो की बांबूचा, दहावा पहिल्याच्या दहापट असला म्हणजे गणितास पुरे. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की शिकविणाऱ्या बायकाही त्यांनी शक्य तेवढ्या त्याच भागातून उभ्या केल्या. फार न शिकलेल्या, परंतु मुलांची बोली जाणणाऱ्या स्त्रियांस हाती धरून त्यांनी बालसेविका केले. वारली मूल घरी ज्या बोलीत बोलते व मोजते ती बोली ज्या शिक्षिकेस समजत नाही, तिने कितीही उत्तम साहित्य मांडले तरी मूल आणि मणी यांच्यामध्ये एक भिंत राहतेच.

१९५७ साली हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. योगायोग असा की त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशात दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा व १९२ पैंचा रुपया जाऊन १०० नव्या पैशांचा रुपया आला. मागोमाग शेर व मण जाऊन किलोग्रॅम आले. पिढ्यान् पिढ्या पाठ केलेली पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व औटकी एकाएकी मागे पडली. ज्या शिक्षकांचे सारे गणित पाठांतरात होते त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्यांस दहाचा अर्थ कळला होता त्यांस मात्र हा बदल सोपा गेला. पाठ केलेले सरकारच्या एका आज्ञेने निरुपयोगी होऊ शकते, समजलेले कधी होत नाही.

कोसबाडास ताराबाईंनी विकासवाडी नावाचा प्रयोग केला. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेविली, म्हणजे मोठ्या बहिणीस धाकट्या भावास सांभाळण्यासाठी शाळा बुडवावी लागू नये. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकच कुरणात जाऊ लागला. गुराखी मुलास आपल्या कळपातील गुरे बरोबर मोजता येतात. एक कमी असले तर ते न मोजताही त्यास कळते. हे ज्ञान त्याच्याजवळ असताना त्यास गणितात ढ म्हणणे हा त्याचा नव्हे, आमचा अडाणीपणा होय.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. गोटे व शिंपल्या मोजून का कोणी बीजगणित शिकतो? आठवीच्या मुलास काय आयुष्यभर मणीच द्यावयाचे? आमचे उत्तर असे की नाही, द्यावयाचे नाहीत. गणित हे अखेर खुणांचे शास्त्र आहे. वस्तूचे बोट सोडून अंकाकडे, व अंकाचे बोट सोडून अक्षराकडे गेल्यावाचून ते पुढे जात नाही. नुसत्या खेळात रमून राहणाऱ्या शाळेने मुलाचे नुकसानच होईल. परंतु बोट सोडावयाचे तर आधी ते धरलेले असले पाहिजे. केव्हा धरावे व केव्हा सोडावे हे ओळखणे, हीच शिक्षकाची खरी विद्या. ती पुस्तकातून येत नाही, मुलाजवळ बसून येते. आमच्या वरच्या वर्गांत जी मुले अक्षरांस घाबरतात त्यांच्यापैकी बहुतेकांचे बोट कोणी सोडलेले नसते. ते कोणी धरलेलेच नसते.

१९६२ साली सरकारने ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. तिचा त्यांच्या राहणीवर काही परिणाम झाला नाही; काम तेच, टेकडी तीच. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षानंतर, त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने बालकांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाईंस ते पाहावयास मिळाले नाही. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले. पन्नाशी उलटल्यावर पदवी घेणाऱ्या या बाईंस १९८५ साली पद्मश्री मिळाली, आणि १९९२ साली त्याही गेल्या. एका गुरूने दुसरा गुरू तयार केला, दुसऱ्याने शेकडो. शिक्षकांच्या घडणीची हीच खरी रीत.

आज पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे. पाड्यांपर्यंत रस्ते गेले, शाळा झाल्या. मुलांच्या हाती दूरध्वनीची यंत्रे आली व ती क्षणात भागाकार करतात. तरीही आमच्या वर्गात दरवर्षी ते डोळे दिसतात, जे फळ्याकडे पाहतात व काहीच पाहत नाहीत. मजुरीचे पैसे आज बँकेत जमा होतात. परंतु जमा किती झाले व कापले किती हे आईबापांस सांगावयास घरात एक तरी हिशेबी मूल लागते. म्हणून जी मुले व मुली उद्या शिक्षक होणार आहेत त्यांस या चरित्रावरून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जो नियम मुलांस सांगणार तो आधी स्वतःच्या हातांनी उघडून पाहा. दोऱ्याने, कागदाच्या घडीने, भाकरीने, जे असेल त्याने. मूल तुमच्यापर्यंत येत नसेल तर तुम्ही त्याच्या अंगणात जा. गणिताचेही अंगण असते, आणि ते प्रत्येक मुलाचे निराळे असते. आणि कोणी का असे विचारले तर त्यास खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगा, व दुसऱ्या दिवशी शोधून आणा. आम्ही ते केले नाही, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

पुढच्या सुटीत जमल्यास कोसबाडची टेकडी चढून जावे. वाटेत एखाद्या पाड्यावर अंगणवाडी भरलेली दिसेल. क्षणभर थांबावे, आणि मुले काय मोजीत आहेत ते पाहावे.